विळ्याची वेळ : ठाणे-कल्याणच्या डोंगरी कुरणांचा मागोवा

डोंगराळ मुलखातील कुरणाची प्रत जमिनीच्या कसावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती गवत कोणत्या अवस्थेत चरले किंवा कापले जाते यावरही अवलंबून असते. न्यूझीलंडसारख्या देशात वसंतात गवताची वाढ मेंढ्यांच्या खाण्याला मागे टाकते, म्हणून ते फुलोऱ्यावर येऊन राठ होण्याआधीच मेंढ्यांच्या जोडीला गुरे सोडून आखूड राखले जाते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात वाढीचा हा भर श्रावण-भाद्रपदात येतो, आणि नेमक्या त्याच काळात येथे मेंढपाळांचे कळप नसतात. त्यामुळे गवताची प्रत राखण्याचे काम येथे चरण्याऐवजी विळ्याकडे आले. तो विळा कधी चालावा हे ठरवणारे हात कसे बदलत गेले, हाच येथील कुरणांचा खरा इतिहास आहे.

दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय गवताळ आवरणाच्या वर्गीकरणात दख्खनच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग ज्या गटात घातला, त्यात पवन्या आणि मारवेल ही उत्तम चाऱ्याची गवते प्रमुख आहेत. यांच्याच शेजारी कुसळी गवत वाढते, ज्याची कोवळी पाने जनावरे खातात, परंतु बी धरल्यावर ज्याची टोकदार कुसळे मेंढीच्या लोकरीत शिरून कातडीला जखमा करतात. गवत फुलोऱ्यावर असताना कापले तर त्यातील प्रथिने बऱ्याच अंशी टिकतात. उभ्याने वाळून पिवळे पडल्यावर मात्र त्यांचे प्रमाण बहुधा 3 ते 4 टक्क्यांवर उतरते, आणि मेंढीच्या पोटातील पचनास मदत करणाऱ्या सूक्ष्मजीवांना सुमारे 7 टक्के प्रथिने असलेला चारा लागत असल्याने असे गवत पोट भरते, पण जनावर पोसत नाही.

धनगर मेंढपाळांचा वार्षिक फेरा या वस्तुस्थितीशी जुळवून घेतलेला आहे. कोकणातील मुसळधार पावसात आणि चिखलात मेंढीला खुरांचे व कृमींचे रोग जडतात, म्हणून पावसाळा पारनेरसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत काढून दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ, माळशेज घाटाने मुरबाड-कल्याणच्या बाजूस उतरतात. तोवर डोंगरावरचे गवत राठ झालेले असते, परंतु कापणी झालेल्या भातखाचरांतील फुटवे, बांधांवरची हिरवळ आणि झाडपाला मेंढ्यांना मिळतो. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून त्या शेतात बसवल्या जातात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. अशा रीतीने शेताला खत आणि कळपाला उन्हाळ्यापर्यंतचा चारा एकाच व्यवहारातून मिळत आला.

उतारांवरच्या जमिनीला येथे वरकस म्हणतात. नाचणी-वरी, गवत आणि राब, म्हणजे भाताची रोपवाटिका भाजण्यासाठी लागणारा पालापाचोळा, हे सारे याच जमिनीतून मिळे आणि गवत स्थानिक गरजेच्या वेळी कापले जाई. 1853 मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आणि 1854 मध्ये कल्याणपर्यंत पोहोचल्यानंतर मुंबईतील तबेल्यांची मागणी थेट या उतारांशी जोडली गेली, गवत दाबून गाठींच्या रूपाने रवाना होऊ लागले, आणि कापणीची वेळ हळूहळू जमीनमालक व व्यापारी यांच्या हाती गेली.

या बदलाची किंमत कापणाऱ्यांनी मोजली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू-उंबरगाव भागातील वारली आदिवासींनी 1945 साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेच्या आधाराने 500 रतल गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली आणि ऑक्टोबरात, म्हणजे ऐन कापणीत, काम थांबवले. 11 ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. पिकलेले गवत थांबत नाही आणि दर दिवशी त्याची प्रत घसरते, म्हणूनच हा संप इतका परिणामकारक ठरला. चाऱ्याचे मूल्य मातीइतकेच योग्य वेळी राबणाऱ्या हातांतून निर्माण होते, हे त्याने सिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर उतार, कापणारे आणि तबेले यांची ही साखळी तुटत गेली. 1949 मध्ये स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीमुळे मुंबई शहरातील तबेल्यांचे स्थलांतर सुरू झाले. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने खाजगी मालकीचे अनेक उतार शासनाकडे गेले. ठाणे महानगरपालिका 1982 मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका 1983 मध्ये अस्तित्वात आली, आणि पुढे उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. जे गवत आता कोणी कापत नाही ते उभे वाळते आणि उन्हाळ्यात वणव्याला इंधन पुरवते. वारंवारच्या वणव्यांत चांगली गवते मागे पडतात आणि आगीला दाद न देणारे कुसळी फोफावते. माळशेजमार्गे कल्याणला येणारा जुना मार्ग आज राष्ट्रीय महामार्ग असल्याने कळपांना वाहनांच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे आणि संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणे व पशुपालक यांना वाहिले आहे. या मान्यतेला अर्थ यायचा असेल, तर मुरबाड-शहापूरपासून कल्याणपर्यंतचे वाड्यांचे तळ आणि मार्ग विकास आराखड्यांत नोंदवले गेले पाहिजेत, आणि वनविभागाने उरलेल्या उतारांवर गवत फुलोऱ्यावर असतानाच ते कापण्याचा हक्क स्थानिक आदिवासींना योग्य मजुरीसह दिला पाहिजे. कापणीची वेळ सांभाळली तर वणवाही आटोक्यात राहील आणि चाराही टिकेल; ती चुकत राहिली, तर या डोंगरांवर गवत दिसेल, पण त्याला कुरण म्हणता येणार नाही.