सीटी स्कॅनचे चाक सतत फिरते, मग वायरी का गुंडाळत नाहीत?

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटहून आलेल्या एका काकांना छातीचा सीटी स्कॅन सांगितला होता. मिरचीच्या पथारीवर अनेक वर्षे काम आणि न थांबणारा खोकला. पण त्यांना आजारापेक्षा यंत्राचीच धास्ती. "डॉक्टरसाहेब, आत मोठं चाक फिरतं म्हणे. वायरी गुंडाळून तुटल्या तर?"

प्रश्न हसण्यासारखा नाही. १९८०च्या दशकापर्यंत सीटी स्कॅनची हीच खरी अडचण होती.

सीटीच्या गोल कड्याच्या आत एका बाजूला एक्स-रे नळी असते आणि समोर किरण टिपणारे डिटेक्टर. हे सगळे रुग्णाभोवती फिरते. पूर्वी त्यांना जाड केबल जोडलेल्या असत. एक फेरी झाली की चाक थांबवून उलटे फिरवावे लागे, नाहीतर केबलला पीळ पडे. प्रत्येक फेरीत शरीराचा एकच काप टिपला जाई. मग टेबल थोडे सरकवायचे, रुग्णाने पुन्हा श्वास धरायचा. दर वेळी श्वास सारखाच भरला जात नाही. त्यामुळे फुप्फुसातली एखादी छोटी गाठ दोन कापांच्या मध्ये निसटू शकत असे.

यावर उपाय म्हणजे स्लिप रिंग. आपल्या मिक्सरमध्ये फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे असतात. मिक्सर बंद पडला की दुकानदार "कार्बन गेला" म्हणतो, तेच. सीटीतही फिरत्या चाकावर धातूच्या अखंड, गुळगुळीत कड्या असतात आणि स्थिर बाजूचे ब्रश त्यांना टेकून राहतात. चाक कितीही फिरले तरी स्पर्श सुटत नाही, आणि पीळ पडायला दोन्ही बाजूंना जोडणारी वायरच नसते. टिपलेली माहिती बाहेर आणायला बऱ्याच यंत्रांत प्रकाश किंवा रेडिओलहरी वापरतात. ब्रश झिजतात, त्यांची पूड साचते, म्हणून यंत्र अधूनमधून सर्व्हिसिंगसाठी बंद ठेवावे लागते. लांबून आलेल्या रुग्णाला तो दिवस वैतागाचा वाटतो, पण ते गरजेचे असते.

चाक न थांबता फिरू लागले, तसे टेबलही सलग सरकवता आले. १९८९ च्या सुमारास असा स्पायरल सीटी प्रत्यक्षात आला. आजच्या यंत्रांत एका फेरीला अर्धा सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो आणि पूर्ण छाती एकाच श्वासात टिपता येते.

पण तो एक श्वास तुम्हालाच धरायचा असतो. पाच ते दहा सेकंद श्वास रोखण्याचा सराव आदल्या दिवशी घरी करून पाहा. दम लागत असेल किंवा खोकला थांबत नसेल, तर टेबलावर झोपण्याआधीच टेक्निशियनला सांगा. तपासणी त्याप्रमाणे जुळवून घेता येते. गरोदरपणाची शक्यता असेल तर तेही आधीच सांगा. शिरेतून औषध देणार असतील, तर मूत्रपिंडाचा त्रास, जुनी ॲलर्जी आणि मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः मेटफॉर्मिन, यांची माहिती द्या.

स्कॅन झटपट होतो म्हणून "एकदा काढूनच टाकू" असे मात्र करू नका. छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा यात किरणोत्सर्ग कितीतरी पटींनी जास्त असतो. काकांच्या बाबतीत साध्या एक्स-रेमध्ये डाग दिसला होता, म्हणून स्कॅन हवाच होता.