गाडीतला फेरबदल आणि विम्याचा हप्ता



आजवर या पत्रकात आपण बियाणे, खते, कीड-रोग आणि पाणी यांवर बोललो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण शेताच्या बांधापासून लांबचा नाही. आज गावात घराघरापुढे ट्रॅक्टर, पिकअप नाहीतर चारचाकी उभी दिसते. गाडी घरी आली की हौसेने किंवा गरजेने तिच्यात काहीतरी बदल होतो. कुणी डेक बसवतो, कुणी ट्रॉलीच्या फळ्या उंच करतो, कुणी सी.एन.जी. किट लावतो. हा बदल विम्याच्या कागदाला कळवायचा असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मलाही ते उशिराच कळले. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर घरचा ऊस नेताना रात्री वाटेत पेटला. मी सकाळी पोचलो, तेव्हा मागची चाके आणि सांगाडा तेवढा उरला होता. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता, त्यामुळे मी त्यांना धीर दिला, "दादा, काळजी करू नका, विमा आहे." पाहणीला आलेल्या सर्व्हेअरने मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "हा डेक आणि हे जादा दिवे कधी बसवले? पॉलिसीत दिसत नाहीत." आग डेकच्या वायरीच्या जोडापासून लागली, असे त्याच्या अहवालात आले आणि दावा अडकला. पुढे अकरा महिने कागद फिरत राहिले. शेवटी रक्कम मिळाली, पण कमी मिळाली, आणि डेकचा एक पैसाही मिळाला नाही. तोवर बँकेचे हप्ते चालूच होते. त्या घरात मी कितीतरी वेळा बियाणे आणि फवारणीबद्दल बोललो होतो. "विम्याचा कागद एकदा दाखवा बरं," असे एकदाही म्हटले नव्हते. म्हणून हे पत्रक.

विम्याचे दोन भाग

वाहनाच्या विम्यात दोन भाग असतात.

पहिला भाग तृतीय पक्षाचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते, आणि तो गाडीचा प्रकार, इंजिनाची क्षमता, मालगाडी असेल तर तिचे एकूण वजन, यांवर असतो. लहानसहान बदलाने हा दर फारसा हलत नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, आग, चोरी, पूर अशा वेळी आपल्याला जे मिळते ते या भागातून. फेरबदलाचा परिणाम मुख्यतः इथे होतो.

या भागाचा हप्ता गाडीच्या विमा-किमतीवर काढतात. तिला आय.डी.व्ही. म्हणतात. कंपनीच्या विक्री-किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ती येते. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन वर्षांची असेल तर ३० टक्के, तीन ते चार वर्षांची असेल तर ४० टक्के. म्हणजे ८ लाखांची गाडी अडीच वर्षांची झाली की तिची विमा-किंमत ५ लाख ६० हजार धरतात.

आता मुद्दा लक्षात घ्या. कारखान्यातून निघताना गाडीत जे होते, तेवढेच या किमतीत धरलेले असते. नंतर आपण बसवलेली वस्तू तिच्यात येत नाही. ती वेगळी सांगावी लागते आणि तिचा हप्ता वेगळा भरावा लागतो.

हप्ता का वाढतो?

पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावली म्हणून बाजारात त्याची किंमत वाढत नाही. पण बैलगाडीवर दुप्पट ओझे टाकले तर आस मोडायचा धोका वाढतो, हे कुणी सांगायला लागत नाही. विमा कंपनीही तोच विचार करते. ती तीन गोष्टी बघते: वस्तूची किंमत किती वाढली, मोडल्यास दुरुस्ती किती महाग पडेल, आणि अपघात, आग किंवा चोरीचा धोका वाढला का.

या हिशेबाने फेरबदलांचे तीन गट पडतात.

पहिला गट : चालणारे, पण कळवायचे बदल

यात सी.एन.जी. किंवा एल.पी.जी. किट, नंतर बसवलेला डेक, जादा विजेची उपकरणे, महाग चाके वगैरे येतात. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात गॅस किटसाठी किटच्या किमतीवर ४ टक्के आणि तृतीय पक्षाच्या भागात ६० रुपये असा जादा हप्ता होता. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंनाही ४ टक्केच. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर २००७ पासून कंपन्यांना स्वतः ठरवता येतात. तरीही पुष्कळ ठिकाणी हिशेब असाच करतात.

एक उदाहरण घेऊ. घरच्या पेट्रोल गाडीला ६० हजारांचे सी.एन.जी. किट बसवले. ४ टक्के म्हणजे २,४०० रुपये आणि वर ६०. एकूण २,४६० रुपये वर्षाला, कर वेगळा. महिन्याला साधारण २०५ रुपये झाले. एवढे वाचवायला गेलो आणि गाडी जळाली, तर ६० हजारांचे किट गेलेच, पण सगळ्या गाडीच्या दाव्यावरच प्रश्न उभा राहतो.

किट मात्र मान्यताप्राप्त असावे, मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवावे, आणि त्याची नोंद आर.सी. बुकात झालीच पाहिजे. सिलिंडरची दाब-तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. तिचा दाखला गाडीच्या कागदांत ठेवा.

दुसरा गट : हप्ता कमी करणारे बदल

सगळेच बदल खर्च वाढवत नाहीत. पुण्याच्या ए.आर.ए.आय. संस्थेची मान्यता असलेले चोरी-प्रतिबंधक साधन बसवले, तर त्याच दरपत्रकात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट होती. अपंग व्यक्तीसाठी खास बदललेल्या गाडीची तशी नोंद असेल, तर याच भागाच्या हप्त्यात ५० टक्के सवलत होती. विमा घेताना या सवलती मागून घ्या. मागितल्याशिवाय पदरात पडतीलच असे नाही.

तिसरा गट : न करावयाचे बदल

कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आर.सी. मधला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. गॅस किटसारख्या काही गोष्टींना अटींवर मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने विनापरवाना फेरबदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली.

आपल्याकडे सर्रास दिसणारे असे बदल कोणते?

(१) ट्रॉलीच्या किंवा पिकअपच्या फळ्या उंच करणे आणि पाटे वाढवून जादा माल भरणे. पाटा वाढवला म्हणून गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही. ब्रेक तेच राहतात, टायर तेच राहतात.
(२) पुढे लोखंडी गार्ड लावणे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले की हे गार्ड कलम ५२ च्या विरुद्ध आहेत. पादचाऱ्याला त्यांनी जास्त इजा होते.
(३) चेसिस वाढवणे, किंवा दुसरे इंजिन घालून त्याची नोंद न करणे.
(४) ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायला जागा करणे. ट्रॅक्टर हे एकट्या चालकाचे वाहन आहे. मडगार्डवरचा माणूस पडला, तर विमा कंपनी हात वर करते.

असे बदल जादा हप्ता भरूनही विम्यात बसत नाहीत. इथे प्रश्न हप्त्याचा राहत नाही, संरक्षणच हातचे जाते.

न कळवल्यास काय होते?

स्वतःच्या गाडीचे नुकसान झाल्यास कंपनी दावा नाकारू शकते किंवा कमी करू शकते. मात्र प्रत्येक नकार बरोबर असतोच असे नाही. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी योग्य प्रकरणात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात मान्य केली आहे. तेव्हा 'नाही' शब्द ऐकून लगेच घरी बसू नका.

दुसऱ्याला इजा झाल्यास गोष्ट अधिक अवघड होते. अशा वेळी न्यायालय पुष्कळदा कंपनीला सांगते, जखमीला पैसे आधी द्या आणि मालकाकडून वसूल करा. जखमीला न्याय मिळतो, ते योग्यच आहे. पण वसुलीची नोटीस आपल्या दारात येते. आणि शेतकऱ्याकडे विकायला सात-बाऱ्याशिवाय असते काय?

कळवावे कसे?

(१) बदल करण्याआधी विमा कंपनीला विचारा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा वित्त कंपनीची लेखी संमती घ्या.
(२) आर.टी.ओ. ची परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ. ला कळवून आर.सी. वर नोंद करून घ्या. रंग बदललात तरी आर.सी. तपासा, कारण तिच्यात रंग लिहिलेला असतो.
(३) पक्के बिल घ्या. बिल नसलेल्या वस्तूची किंमत कशी सिद्ध करणार?
(४) आर.सी. व बिलाची प्रत देऊन पॉलिसीला पुरवणी जोडून घ्या. तिला एन्डॉर्समेंट म्हणतात. वर्षाच्या मध्येही ती करता येते, आणि उरलेल्या महिन्यांपुरताच हप्ता घेतात.
(५) "एजंटाला तोंडी सांगितलंय" यावर राहू नका. कागदावर आले तेवढेच खरे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : ट्रॅक्टरचा विमा आहे, मग ट्रॉलीचा वेगळा कशाला?
उत्तर : ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन आहे. तिची नोंदणी हवी आणि पॉलिसीत तिचा उल्लेख हवा. रोटाव्हेटर, लोडर, फवारणी यंत्र यांचीही किंमत वेगळी लिहून घ्यावी.

प्रश्न : जुनी गाडी घेतली, किट आधीच्या मालकाने बसवलेले आहे. दोष माझ्यावर येईल का?
उत्तर : गाडी आपल्या नावावर झाली की जबाबदारीही आपलीच. सौदा करण्याआधी आर.सी. मध्ये इंधनाच्या रकान्यात काय लिहिलेय ते बघा. नुसते 'पेट्रोल' लिहिले असेल आणि मागे सिलिंडर दिसत असेल, तर नोंद झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : शेतीचा ट्रॅक्टर वीट-वाळू वाहायला भाड्याने दिला तर?
उत्तर : हाही एक फेरबदलच समजा, वापराचा. पॉलिसीत 'शेतीसाठी' लिहिले असेल तर भाड्याच्या फेरीत झालेल्या अपघाताला संरक्षण मिळेलच असे नाही. वापर बदलायचा असेल तर नोंदणी आणि विमा दोन्ही तसे करून घ्या.

प्रश्न : दावा चुकीचा नाकारला असे वाटले तर?
उत्तर : नकाराचे कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथे समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, आणि तिथे फी लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

शेवटी एवढेच

आज संध्याकाळी जनावरांचे वैरण-पाणी झाले की दहा मिनिटे काढा. एका हातात पॉलिसी आणि एका हातात आर.सी. घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारा. गाडीवर जे दिसते ते कागदावर आहे का, आणि कागदावर आहे ते गाडीवर आहे का, एवढेच पाहा. फरक सापडला तर उद्याच कळवा. डेकच्या वायरींचे जोडही एकदा चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या.

ज्या दादांचा ट्रॅक्टर जळाला, त्यांनी आता दुसरा घेतला आहे. त्यालाही डेक आहे. हौस मेली नाही, आणि मरूही नये. पण या वेळी बिल, पुरवणी आणि आर.सी. एका पिशवीत घालून त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलीय. परवा मला ती त्यांनी आपणहून काढून दाखवली.

हे पत्रक जपून ठेवा आणि शेजाऱ्यालाही वाचायला द्या.