एका दुपारची गोधडी

ही गोधडी जेली रोलपासून होते. जेली रोल म्हणजे अडीच इंच रुंदीच्या, साधारण 40 सुती पट्ट्यांची गुंडाळी. अमेरिकेतल्या मोडा कंपनीमुळे हे नाव रुळलं. आपण घरच्या जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या कापल्या तरी चालतं. फक्त रुंदी सगळीकडे तीच हवी.

सगळ्या पट्ट्या टोकाला टोक जोडत जायचं. 1600 इंचांहून लांब एकच पट्टी होते आणि खोलीभर ती सापासारखी पसरते! आता सुरुवातीचे 18 इंच कापून टाका. हे विसरलात तर पुढे सगळे जोड एकाखाली एक येतात आणि गोधडी गचाळ दिसते.

मग दोन्ही टोकं जुळवा, सुलट बाजू आत ठेवा आणि कडेपासून पाव इंचावर लांबीभर टीप घाला. घडीपाशी पोचलात की घडी कापायची. पुन्हा दुमडा, पुन्हा टीप. असं पाच वेळा. 1600 चे 800, 400, 200, 100, शेवटी 50. हाती येतो गोधडीचा 50 बाय 64 इंचांचा वरचा थर.

पहिली टीप मात्र अंत बघते, जवळजवळ 20 मीटर! चार बॉबिनं आधीच भरून ठेवा. माझा दोरा मध्येच संपला होता, आणि मी तशीच सुई पळवत बसले होते. पट्टीला पीळ पडला नाही ना, तेही हात फिरवत बघा.

या थराखाली मऊ जुनी साडी, मध्ये हवा तर कापसाचा थर. वरून मी हातानेच धावदोरा घालते. तिथे घाई नाही.