टपालाने येणारी औषधे

तालुक्याच्या गावी औषध आणावयास जावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, एस. टी. चे भाडे पडते आणि इतके करूनही हवे ते औषध दुकानात मिळेलच असे नाही. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या दीर्घकाळच्या दुखण्यांची अडचण तर याहून मोठी. कारण पेरणी असो वा मळणी, रोजची गोळी चुकवून चालत नाही. यास्तव डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाईलवरून पाठवून महिन्याची औषधे टपालाने अथवा कुरियरने मागविण्याची रीत आता खेड्यांतही रूढ होत आहे.

ही रीत अगदीच नवी नव्हे. वर्तमानपत्रांतील जाहिराती वाचून आपल्या वाडवडिलांनी व्ही. पी. ने कितीतरी चूर्णे व तेले मागविली. त्या जाहिरातींतील अद्भुत दाव्यांस आळा घालण्याकरिता १९५४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आज पुड्यातून येते ते मात्र बहुधा प्रभावी औषध असते, आणि म्हणूनच चूक झाल्यास ती अंगावर येते.

मागील उन्हाळ्यात एका गावी आमचा मुक्काम असता यजमानांच्या वडिलांचे पाय सुजलेले दिसले; उठताना त्यांना घेरीही येत होती. त्यांची रक्तदाबाची गोळी शहरात नोकरीस असलेला धाकटा मुलगा मोबाईलवरून मागवून घरी पाठवीत असे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहिले होते. त्या महिन्यात निराळ्या कंपनीची गोळी आली. नाव वेगळे, रंगही वेगळा. आजोबांना वाटले, हे आणखी एक औषध दिले आहे. जुन्या पाकिटातील गोळ्या टाकून देणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून ते रोज दोन्ही घेऊ लागले. सूनबाईंनी दोन्ही पाकिटांवरील बारीक अक्षरे लावून पाहिली, तेव्हा दोहोंवर 'अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम' हेच निघाले! प्राथमिक आरोग्य केंद्रात नेल्यावर रक्तदाब फारच उतरल्याचे आढळले. दुकानात समोरासमोर गोळी घेतली असती, तर 'नाव बदलले आहे, औषध तेच' एवढे तरी कोणी सांगितले असते.

तेव्हा पुडा येताच प्रथम कंपनीने ठेवलेल्या नावाखालचे मूळ नाव व मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा. त्यानंतर मुदत संपण्याची तारीख आणि बॅच क्रमांक पाहून ते बिलाशी जुळतात की नाही याची खात्री करावी. शंका असल्यास गोळी न घेता डॉक्टरांना अथवा औषधनिर्मात्यास विचारावे.

औषधे नियम, १९४५ अन्वये अनुसूची 'एच' मधील औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. चिठ्ठीवर सही, तारीख, रोग्याचे नाव, पत्ता आणि औषधाची मात्रा असावी लागते. औषध जनावराकरिता असल्यास मालकाचे नाव व पत्ता लागतो. (जनावरांची औषधे घरच्या औषधांच्या डब्यात कधीही ठेवू नयेत, हे ओघाने सांगतो.) इंटरनेटवरून विक्री करणाऱ्यांच्या नोंदणीसंबंधी नियमांचा मसुदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता. चिठ्ठी न मागताच औषध धाडणाऱ्याचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, आणि बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक असल्याखेरीज पैसे देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. विदर्भात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत दोन दिवस गाडीत पडून राहिलेल्या कुपीचा भरवसा धरता येत नाही. उलट बर्फाला चिकटून ती गोठली, तरीही निकामी होते. म्हणून इन्सुलिन शक्यतो जवळच्या दुकानातूनच, थंड पेटीत आणावे.

पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की टपाल अडते. दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढील मागणी नोंदवावी. त्या घरी आता सूनबाई पुडा स्वतः उघडतात, नव्या पाकिटावर मूळ नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहितात आणि जुने पाकीट संपेपर्यंत ते कपाटात कुलपात ठेवतात.