पान सरकलं, फोकस तिथेच

पाचगणीत निवासी शाळांना तोटा नाही, आणि प्रत्येक शाळेच्या वेबसाइटचा मेनू कसा ऐसपैस: संस्थेचा इतिहास, विश्वस्त, वसतिगृह, घोडेस्वारी, माजी विद्यार्थी, प्रवेश, शुल्क. डोळस पालक यातलं काही वाचत नाही. त्याची नजर सरळ मधल्या मजकुरावर उतरते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर ज्याच्या हाताशी आहे, तो टॅब दाबत निघाला, तर त्याला मात्र एकेक लिंक ऐकावी लागते. पुढचं पान उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. दर पानाला वाईपासून पसरणीचा घाट नव्याने चढायचा.

उपाय जुनाच आहे. पानाच्या अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लिंक द्यायची. अमेरिकेतल्या केंद्र सरकारच्या वेबसाइटींना मेनू ओलांडायची सोय २००१ पासून सक्तीची झाली. २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत ती ‘ए’ म्हणजे किमान पातळीवर आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आणि प्रज्ञा प्रसून व दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्यामुळे हल्ली शाळाही विचारतात, ‘ती वरची लिंक टाकलीय ना?’ टाकलेली असते. ती चालते का, हे कुणी विचारत नाही.

इथल्या एका शाळेची वेबसाइट माझ्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा तपासायला वाईहून सर आले. निवृत्त शिक्षक, जन्मापासून दृष्टिहीन. त्यांनी माउस बाजूला सारला आणि एनव्हीडीए सुरू केला. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. स्वतः दृष्टिहीन असलेल्या मायकल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात त्याचं काम सुरू केलं. सरांनी त्याचा वेग असा ठेवलाय की मला त्यात एकही शब्द सुटा ऐकू येत नाही. त्यांनी टॅब दाबला, लिंक बोलली. एंटर दाबलं. माझ्यासमोर पान छान अलगद खाली सरकलं.

“अहो, लिंक बोलली खरी,” सर म्हणाले, “पण मी अजून विश्वस्तांच्याच दारात आहे.”

पुन्हा टॅब, पुन्हा मेनू. कारण सापडलं ते त्या अलगद सरकण्यातच. आधीच्या कुणी हौसेने एक स्क्रिप्ट घातली होती. पानातल्या पानात नेणारी कुठलीही लिंक दाबली, की ती ब्राउझरचं नेहमीचं काम अडवायची आणि पान नुसतं सरकवायची. कीबोर्डचा फोकस, म्हणजे पुढचा टॅब जिथून मोजला जातो ती जागा, मात्र हलत नव्हती. डोळ्याला सगळं ठीक, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं राहतो. या लिंकेपुरती स्क्रिप्ट काढून टाकली आणि मुख्य मजकुराच्या चौकटीला टॅबइंडेक्स उणे एक दिला. त्याने ती चौकट टॅबच्या रांगेत येत नाही, पण लिंकेने धाडलेला फोकस झेलते.

दुसरा नेहमीचा दोष असा, की नवी थीम बसवताना लिंक ज्या नावाकडे बोट दाखवते ते नावच बदललेलं असतं. एंटर दाबा, काही होत नाही. तिसरा दोष सुंदरतेचा. ‘ही पट्टी वर विचित्र दिसते’ म्हणून डिझायनर तिला सीएसएसमध्ये डिस्प्ले नन करतो, आणि मग ती स्क्रीन रीडरलाही उरत नाही. लपवायचीच असेल तर पडद्याबाहेर सरकवून ठेवावी आणि फोकस येताच ती दिसावी. ती दिसायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. सरांसारखे सराईत लोक पुष्कळदा ‘एच’ दाबून शीर्षकांवरूनच उड्या मारत जातात. त्यांचं या लिंकेवाचून फारसं अडत नाही. अडतं ते हाताला कंप असलेल्या, माउस न धरता येणाऱ्या डोळस माणसाचं. त्याच्याकडे टॅबशिवाय फारसं काही नसतं.

सगळं नीट केलेलं कसं वाटतं, ते ऐकायला सरांनी मराठी विकिपीडियावरचं ‘पाचगणी’ हे पान उघडलं. तिथे सुरुवातीलाच ‘आशयाकडे जा’ येतं. एंटर, आणि लगेच गावाची माहिती. “हे असं पाहिजे,” एवढंच ते म्हणाले.

मग फोन काढला. बहुतेक पालक फोनवरच येतात, आणि तिथे टॅब नाही. टॉकबॅक हा फोनमधला स्क्रीन रीडर लावून बोटाने पुढे पुढे सरकायचं. मेनू एका बटणामागे मिटलेला होता, पण तो फक्त दिसायला मिटलेला. बोट सरकवलं की बंद मेनूतल्या लिंका भुतासारख्या बोलू लागल्या. इथे उलटा न्याय लावावा लागला: मेनू मिटलेला असताना डिस्प्ले नन हाच बरोबर.

शेवटी सरांनी शुल्काचं पान उघडलं. लिंक बोलली, एंटर दाबलं, फोकस मुख्य मजकुरावर पोचला, शीर्षक वाचलं गेलं, आणि पाठोपाठ शाळेचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सुरू झाले. सर थांबले. “फी कुठंय?” शुल्काचा तक्ता म्हणजे छापील कागदाचा फोटो होता, त्याला पर्यायी मजकूर नव्हता, म्हणून एनव्हीडीए त्यावरून मुकाट्याने पुढे गेला होता. तक्ता टाइप करायला आता शाळेच्या कार्यालयाकडे गेलाय.