मालकीण कागदावरची

पर्यटनाच्या धंद्यात बायका कमी आहेत, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ सालच्या अहवालानुसार या क्षेत्रात काम करणाऱ्यांपैकी ५४ टक्के बायकाच होत्या. पर्यटनमंत्र्यांमध्ये मात्र जेमतेम २३ टक्के. म्हणजे चादरी बदलायला आपण, आणि खुर्चीत?

हे असं का, ते आकडे सांगत नाहीत. त्यासाठी बायकांपाशी जाऊन बसावं लागतं. संशोधक याला गुणात्मक पद्धत म्हणतात. मी निवांत गप्पा म्हणते, फक्त नंतर शब्दन् शब्द उतरवून काढायचा!

मालवण-तारकर्लीकडे घरोघरी न्याहारी-निवासाच्या खोल्या आहेत. अभ्यासासाठी मी तिथे फिरते. ‘मालक कोण?’ विचारलं की बाईचं नाव येतं. ‘खोलीचा दर कोण ठरवतं?’ म्हटलं की, ‘ह्यांका इचारा.’ आणि हे पडवीत बसलेलेच असतात! म्हणून मुलाखत पडवीत नको, स्वयंपाकघरात घ्यावी. नारळ खवता खवता बाई मोकळी होते. ‘निर्णय कोण घेतं?’ असा जड प्रश्नही नको. ‘गेल्या सीझनला काय काय झालं, सांगा ना,’ एवढं पुरतं. एका ताईंनी दारू पिऊन दंगा करणाऱ्या पाहुण्यांना उरलेले पैसे हातावर ठेवून रातोरात वाटेला लावलं होतं. नेतृत्व म्हणतात ते हेच की! पण त्यांचं म्हणणं, ‘त्यात काय, घरचंच काम.’ बुकिंगचा फोन मात्र मुलाकडे.

राज्य सरकारने २०२३ साली ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला व्यवसाय असेल, तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात ठेवला. चांगलंच झालं. पण मालकी कागदावर दाखवता येते, ‘तिनेच चालवलेला’ हे कसं दाखवणार? व्यवहार दुसऱ्याने बघितला, तरी हप्ता थकल्यावर बँकेची नोटीस सही करणारीच्याच नावाने येते.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी कर्जाचे कागद सहीसाठी पुढे केले, तर आधी घरात तीन गोष्टी विचारून घ्या. दर कोण ठरवणार? पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार? आणि नको असलेल्या पाहुण्याला ‘नाही’ कोण म्हणणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन येतात. तिसऱ्याला बहुतेक जणी थांबतात, दाराकडे बघतात, मग बोलतात.