गाडीचा भार पाईपावर

सह्याद्रीतल्या एखाद्या कोरड्या ओढ्यातून थार जात असते. पुढचं चाक काळ्या धोंड्यावर चढतं, पलीकडे उतरतं, आणि मागचं चाक तिथवर पोचायच्या आत गाडीचं मधलं अंग त्याच धोंड्यावर टेकतं. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. एवढ्या टप्प्यात सर्वांत हळवी जागा म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी, गॅरेजच्या भाषेत रॉकर पॅनेल. ती चेपली की दार अडकायला लागतं आणि डेंटिंगवाल्याचं फावतं. ती वाचवण्यासाठी तिच्याखाली पाईपाचा जो सांगाडा बसवतात, तो रॉक स्लायडर. गाडीने त्याच्यावर टेकायचं आणि घसरत पुढे जायचं.

ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारा फूटस्टेप लांबून अगदी असाच दिसतो. पण त्याचे ब्रॅकेट बहुधा पातळ असतात आणि पाय ठेवण्यापुरतेच असतात. थारची बॉडी चासीवर रबरी बुशांच्या आधाराने बसलेली असते. दगडाचा भार बॉडीच्या पत्र्यावर गेला तर पत्रा दुमडणारच; म्हणून स्लायडर धरायचा तो चासीलाच. ज्या गाड्यांना स्वतंत्र चासी नसते, त्यांच्या वाटेला हे काम नाही.

आता हिशेब. थारचं वजन पावणेदोन टनांच्या घरात. आदळताना एकाच पायावर, म्हणजे पाईप चासीला धरणाऱ्या एका आडव्या दांड्यावर, सहाशे किलो आले आणि पाईप चासीपासून ३० सेंटिमीटर बाहेर असला, तर मुळाशी १८० किलो-मीटरचा पीळ पडतो. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दोन-तीन माणसं लोंबकळावीत, तसा. भार खालून वर येत असल्यामुळे पायाच्या बुडाचं वेल्डिंग ताणलं जातं आणि वरचं दाबलं जातं. उरलेली बहुतेक कारागिरी या ताणाला उत्तर देण्यासाठीच असते.

पायाखाली ६ मिलिमीटरची, म्हणजे फॅब्रिकेटरच्या हिशेबाने दोन सुती, प्लेट लागते. ती पायापेक्षा चांगली मोठी हवी, म्हणजे भार चासीच्या उभ्या भिंतीवर पसरतो. एका बाजूला किमान तीन पाय घ्यावेत, चार असले तर निश्चिंती. मुख्य पाईप ४० एनबी, म्हणजे बाहेरून ४८.३ मिलिमीटर. त्यात निळ्या पट्ट्याचा मध्यम वर्ग ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि लाल पट्ट्याचा जड वर्ग ४ मिलिमीटरचा. लालच घ्यावा. मीटरमागे साधारण ४.४ किलो भरतो, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून गाडीवर चाळीस-पंचेचाळीस किलो चढतात. ते मान्य नसेल तर हा नादच नको. दुकानदाराने जीआय पाईप पुढे केला तर घेऊ नये. वेल्ड करताना त्याच्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

मापं घेताना गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी असावी. पाईप रॉकर पॅनेलला चिकटवायचा नाही. बुशांवर बॉडी हलते, म्हणून बोटभर, २०-२५ मिलिमीटर फट ठेवायची. पाय चासीकडून बाहेर जाताना दहा-पंधरा अंश वर चढते ठेवले तर स्लायडर चासीच्या तळाखाली लोंबत नाही. कंपनीने दिलेला मधल्या पोटाचा कोन २७ अंशांचाच आहे. आपण खाली लोखंड लोंबवलं तर तोही घटतो. मागच्या टोकाला पाईप थोडा बाहेर वाकवला की झाडाचा बुंधा मागच्या मडगार्डपासून दूर ढकलला जातो. बाटली-जॅकच्या साध्या बेंडरमध्ये पाईप वाकताना पोटात चपटा होतो, म्हणून बेंड चांगल्या यंत्रावरच काढून घ्यावा.

पाईपाला पाईप जुळवताना टोक माशाच्या तोंडासारखं खोलगट कापतात. होल-सॉ असेल तर उत्तम, नाहीतर ग्राइंडर आणि धीर. फट उजेडात धरून बघायची. आरपार उजेड दिसला तर पुन्हा घासायचं. रॉडने फट भरून काढणं ही कामचुकार वेल्डरची खूण. कडा तासून घ्याव्यात आणि आधी फक्त टाके मारावेत. टाके मारलेला सांगाडा गाडीखाली धरून दार उघडून-मिटून बघितल्याशिवाय पूर्ण वेल्ड करू नये. मग एक जोड या टोकाला, पुढचा त्या टोकाला, असं फिरत राहायचं. सलग ओढत गेलं तर उष्णतेने पाईप केळ्यासारखा वाकतो. आर्कवर ७०१८ चा रॉड सरस, पण तो कोरडाच हवा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड हवेतला दमटपणा धरतो, आणि त्यातला हायड्रोजन पुढे जोडाला तडा देतो.

चासीला वेल्ड की बोल्ट? माझं मत बोल्टच्या बाजूने. बंद पेटीसारख्या चासीतून आरपार बोल्ट घेताना आत पोलादी नळी घालावी, नाहीतर आवळताना पेटीच चेपते. वेल्डच करायचं ठरलं तर प्लेटचे जोड चासीच्या लांबीला समांतर ठेवावेत. चासीवर लांबीला काटकोनात उभी रेघ ओढली की तडा नेमका तिथूनच सुरू होतो. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला हात लावायचा नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, अर्थची क्लिप वेल्डच्या अगदी शेजारी लावायची. चासीला लागून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात, वायरिंगही जातं. ते आधी सोडून बाजूला घ्यायचं. अंडरकोट पेट घेतो, तेव्हा एक माणूस अग्निशामक घेऊन नुसता बघत बसलेला हवा.

टोकं बंद करून तळाला एक बारीक भोक ठेवावं, आतलं पाणी निघून जातं. रंग साधाच, झिंक प्रायमरवर काळा. पावडर कोटिंग देखणं असतं, पण दगडाने खरवडलं की घरी दुरुस्त होत नाही.

कायद्याचंही बघून घ्यावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, आणि पुढच्या क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. सुटे होणारे स्लायडर असले तर रस्त्यावर जाताना काढून तरी ठेवता येतात.

चाचणी घरीच होते. स्लायडरच्या मध्याखाली जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाकं सुटेपर्यंत गाडी उचलायची आणि रॉकर पॅनेलजवळची फट मोजायची. फट बदलली नाही, बुडाच्या वेल्डवर केसाएवढी रेषही उमटली नाही, तर काम जमलं. पहिल्या खडकाळ फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.